अटींचा रकाना

कामगार पुतळ्याकडून कोर्टाकडं येताना
डाव्या हाताला तिसरी टपरी आमची.
एका बाजूचे दोन रुपये, पाठपोट तीन.
पाटीवर लिहिलंय: सुट्टे द्यावेत, घाई करू नये.
तरी घाई असतेच. आत नावाचा पुकारा होतो
आणि बाहेर बाई पिशवी उलटी करून शोधत असते
रेशनकार्ड, शाळेची पावती, ससूनचा केसपेपर,
आणि सगळ्यात खाली, तूरडाळीच्या प्लास्टिकमध्ये,
निकाहनामा.

मी तो काचेवर पालथा घालते.
झाकण पडतं. खालून उजेड सरकतो
काझीच्या शिक्क्यावरून, दोन साक्षीदारांवरून,
मेहेर रुपये पाचशे एक, उधार,
आणि मग तो रकाना येतो: इतर शर्ती, असल्यास.
त्यात एक तिरकी रेघ.

अकरा वर्षांत किती कागद गेले हातावरून,
नाना पेठेतले, कासेवाडीतले, खडकीचे, एक तर पार जुन्नरचा,
रेघ मात्र एकाच हातानं ओढल्यासारखी.
कॉपीवरून कॉपी काढली
की बाईचं नाव पुसट होत जातं
आणि रेघ काळी.
असं का होतं, मेकॅनिकला विचारलं.
तो म्हणाला, टोनर बदला.

सुग्राफुफी दर तारखेला यायची.
सात वर्षं. घडीवर झिजून मेहेरचा आकडाच गेला.
"मला फोनवर सोडलं," ती सांगायची,
"तोही शेजारणीच्या. तिनंच ऐकलं आधी.
निरोप द्यायला लाजत होती बिचारी,
म्हणून पहिल्यांदा वाटीभर साखर मागितली."
हे सांगून हसायची.
मी पैसे घेत नसे.
ती काचेवर दोन रुपये ठेवून जायची.

एका रात्री आमची पेटी उघडली.
माझ्याही कागदावर रेघ. हिरव्या शाईची.
ते पेन मी ओळखलं. अब्बांचं.
ज्यांनी गोळीबार मैदानावर मला सायकल शिकवली,
धरलंय धरलंय म्हणत हात सोडून दिला,
मला दहावीला बसवायला जे सख्ख्या भावांशी भांडले,
त्यांनीच ओढली होती.
रागानं नाही. जशी चेकवर ओढतात,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.

कोंढव्याच्या हॉलमध्ये, माझ्या अर्शियाच्या निकाहला,
काझीसाहेबांनी पेन टेकवलं आणि मी म्हणाले, थांबा.
पडद्याच्या अलीकडून. आवाज जरा मोठाच निघाला.
केटरिंगचा पोरगा शरबताचा ट्रे घेऊन तसाच उभा.
अटी चारच होत्या, अर्शियानंच टाईप केलेल्या:
शिक्षण पुरं करणार. कमाई तिची राहणार.
त्यानं दुसरं लग्न केलं तर हिला स्वतःहून मोकळं होता येईल.
मेहेर आजच, हातात.

इल्यास म्हणाला, आपा, लोक बघतायत.
काझीसाहेब म्हणाले, ही जागा कोरी सोडायचा रिवाज आहे.
मी म्हटलं, मनाई आहे?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"मनाई नाही."
"मग रकाना छापला कशाला असेल?"
नवऱ्या मुलानं मान वर केली नाही.
सेहऱ्याआडून म्हणाला, लिहा.
मला वाटतं तो घाबरला होता.
चालेल.

जागा बोटभर. अक्षर बारीक करावं लागलं त्यांना.
चौथी अट समासात गेली.

जेवताना विहीणबाई शेजारी येऊन बसल्या.
अठ्ठावीस वर्षांचा संसार, कोपरापर्यंत बांगड्या.
बिर्याणीतली वेलची ताटाच्या कडेला लावत
माझ्याकडं न बघता विचारलं,
"जुन्या कागदावर, रेघ असली तरी,
नंतर काही लिहिता येतं का हो?"

मला ठाऊक नव्हतं. अजून नाही.
म्हटलं, कागद घेऊन या सोमवारी, टपरीवर.
साडेदहाच्या आत या.
नंतर गर्दी होते.