गंध : आक्षेपार्ह नाही

सहाला गल्लीत पाणी येतं, सव्वासहाला तक्रार.
रजिस्टरात मी लिहिते : वास येतो.
कसला, ह्यापुढे रिकामी जागा.

क्लोरीन बरोबर. गढूळपणा बरोबर.
बाटली कोमट करून नाकाशी धरायची, एवढंच उरतं,
त्याला आमच्याकडे यंत्र नाही.
आणि माझं नाक
त्या तापात गेलं ते आलंच नाही.
ऑफिसात सांगितलेलं नाही कुणाला.
डबे उघडले की सगळ्यांबरोबर मीही म्हणते, वा, तांबडा रस्सा!
रंगावरून.

म्हणून शुक्रवार पेठेत वही घेऊन हिंडले,
दुसऱ्यांची नाकं उसनी मागत.

बोंगाळे वहिनी म्हणाल्या, रॉकेलचा, जरासा.
त्यांच्या सासूबाई आतनं : कुठलं रॉकेल,
चिंच न लावता ठेवलेल्या पितळेचा हाय त्यो.
तातोबा सातपुते चपलेची वेणी घालता घालता म्हणाले,
कातडं भिजवतो त्या पाण्याचा न्हाई, तेवढं लिवा ताई,
न्हाईतर समदं आमच्यावर येतंय.
तेवढं लिहिलं. खाली रेघ मारली.
तालमीतलं पोरगं ओंजळभर प्यायलं :
हौद्याची माती चार दिस उकरली न्हाई की येतोय तसा.
शेवटच्या घरातल्या बाईनं नुसतं तोंड वळवलं,
म्हणाली, मयताच्या घरात...
आणि पुढं बोललीच नाही.

रात्री वहीशेजारी नकाशा पसरला.
रॉकेल इथं, पितळ इथं, माती वळणावर,
मयत सगळ्यात शेवटी, जिथं आमची निळी रेघ संपते.

चावीवाले दस्तगीर शिकलगार, रिटायरला चार महिने,
रेघेच्या पुढं, कोऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले,
'हितं छापखाना व्हता. पाडला.
नळ कुणी तोडला न्हाई.
कागदावर न्हाई, पर जमिनीत हाय.'

खोदलं. पाचसहा हात पाईप, पलीकडून बंद.
आत कितीतरी वर्षांचं, कुठंच न गेलेलं पाणी,
दाब उतरला की हळूच माघारी येणारं,
प्रत्येकाच्या हंड्यात थोडं थोडं.

तोंड उघडलं तसा मुकादम चार पावलं मागं सरला,
पोरांनी शर्ट नाकावर ओढले.
मी तिथंच. वाकून. सगळ्यांत जवळ.
शिकलगारांनी बघितलं.
काही विचारलं नाही.
शेजारी येऊन उकिडवे बसले
आणि मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगू लागले :
शाई... न्हाई, ऱ्हाऊ द्या, ते मला छापखाना आठवला म्हणून.
लोखंड. मग कुजका पाला.
मग, कसं सांगू, फुलदाणीतलं आठ दिवसांचं पाणी.
आता कमी झालं.
थांबा.
आता नुसतं पाणी हाय.

अहवालात लिहिलं : गंध, आक्षेपार्ह नाही.
तपासणाऱ्याचं नाव, एकच रकाना.
माझं घातलं.