दुपट्ट्याखाली

एम.ए.चा तिसरा पेपर : आर्थिक विचारांचा इतिहास.
पुस्तक झेरॉक्स. पान एकशे बारा ते वीस गायब.
म्हणून माझ्या इतिहासात
सोन्यालाच संपत्ती मानणारे लोक
एका वाक्याच्या मधोमध मरतात
आणि पान उलटलं की थेट राजाचा वैद्य,
नाडी धरून सांगत असतो :
पैसा रक्तासारखा फिरतो,
पिकतं ते फक्त जमिनीतून,
बाकी सगळे वांझ.

वांझ हा शब्द ढुमणे मॅडमनी फळ्यावर लिहिला
आणि खडू खाली ठेवला.
वर्गात आम्ही सहा जणी.
मागच्या बाकावर निरूताई, लग्नाला अकरा वर्षं,
वहीची रेघ बोटानं पुसत बसलेली.
"अनुत्पादक लिहा," मॅडम म्हणाल्या,
"तेही चालतं."

मंगळवारी बैलबाजार.
बाबांचा डबा घेऊन मी निंबापर्यंत जाते.
निंबाच्या पुढे बायका जात नाहीत,
तसा कुठं नियम लिहिलेला नाही.
धूळ, शेण, शिंगांना ताजा लावलेला रंग,
दात मोजायला जबडा उघडून धरलेला एक खोंड,
आणि दोन माणसं, जुनी दोस्त असल्यासारखी
हातात हात घेऊन उभी,
हातांवर दुपट्टा.
तोंडं भलतंच बोलतात, पाण्याचं, लग्नाचं.
भाव कापडाखाली चाललेला असतो.

बाबा तिथले दलाल. लटारी दलाल.
जमीन नाही, बैल नाही,
याचा हात त्याच्या हातात देणं एवढाच धंदा.
वैद्यानं त्यांनाही त्याच खान्यात टाकलं असतं.

रात्री मी मोठ्यानं वाचत होते,
प्रत्येक जण आपापलं पाहतो
आणि एक अदृश्य हात सगळ्यांचं भलं घडवून आणतो.
बाबा खाटेवर तंबाखू मळत होते.
"कोनाचा हात?"
कोणाचाच नाही बाबा. बाजाराचा.
"कोनाचाच कसा नाही?"
चुना लावला. चोळला. झटकला.
"पाह्यलं असंन त्यानं दुरून. तुह्यासारखं, निंबाखालून.
दुपट्टा दिसला असंन. हात कायले दिसते?
आन एक नसते वं थो. दोन असतेत.
दाबते कोन, दबते कोन,
हे बाहिरच्याले नाही समजत."

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला,
माझा उजवा हात घेतला, वरून झाकला.
हे एक बोट, हजार.
हे पेर, अर्धं.
मूठ आवळली तर पाच,
तळव्यावर अंगठा घासला तर, उठ, जमत नाही.
नाल्याला पूर आला होता तेव्हा मी सात वर्षांची होते,
त्यानंतर हा हात आजच धरलेला.
कासऱ्यानं कापलेली जागा माझ्या बोटाला लागली.
तीन बोटं दाबली त्यांनी, वर एक पेर.
मी विचारलं, बैल कोणता?
ते म्हणाले, "थे तू सांग."

राखेनं भांडी घासता घासता आई म्हणाली,
"महाबी हात धरून पाहा एखांद्या दिशी,
किती बसते थे."
बाबा हसले. मग हसायचे थांबले.
दुपट्टा तसाच माझ्या मांडीवर राहिला,
तंबाखूच्या आणि जनावराच्या वासाचा.

परीक्षेला नेमकं तेच आलं.
अदृश्य हाताची संकल्पना स्पष्ट करा. गुण सोळा.
मी पुस्तकातलं सगळं लिहिलं, टीकेसकट,
दोन पुरवण्या लावल्या.
निंबाचं झाड कुठं बसवावं ते कळेना, सोडून दिलं.
वांझऐवजी अनुत्पादकही लिहिलं, त्याचे दोन गुण.
पण डावा हात बाकाखाली
आपणहून काहीतरी मोजत होता,
बोट, बोट, पेर,
कोणाशी सौदा चाललाय हे न विचारता,
इतक्यात पर्यवेक्षक येऊन उभे राहिले.
"हात वर घ्या," म्हणाले.
"दोन्ही. दिसू द्या."