बेतण्याआधी

सर्फराज म्हणाला, काकी, आधी सांगा,
मशीन कसलं आहे? रॅम किती?
मला माझ्या मशीनचं ठाऊक: पायाचं, काळं,
सासूबाईंनी आणलेलं, उन्हाळ्यात तेल जास्त मागतं.
तो हसला नाही. बरा पोरगा.
लक्ष्मीपुरीतल्या त्याच्या दुकानात
पोट उघडं टाकून तीन सीपीयू पडले होते,
एकावर भजीचा कागद.

एक आहे फुकटातलं, म्हणाला,
पण चित्रावर त्याचं नाव उमटतं, आडवं, कायमचं.
म्हणजे कापड माझं, शिलाई माझी
आणि पाठीवर नंबराच्या जागी दुकानाची पाटी.
नको.
दुसरं महिन्याच्या भाड्यानं.
भाडं मी गाळ्याचं भरते, तेवढं पुरे.
तिसरं लई भारी, सिनेमावाले वापरतात,
पण तुमचं मशीन धापा टाकेल,
पन्हाळ्याच्या चढाला उसाची ट्रॉली घातल्यागत.
चौथ्याचं नाव त्यानं आवाज उतरवून घेतलं:
पैसे नाहीत, फक्त नेट बंद ठेवायचं.
चोरीच्या कात्रीनं
मी आजवर कुणाचं झंपर बेतलेलं नाही.

शेवटी भारीतल्याचीच तीस दिवसांची ट्रायल घातली.
धापा टाकू दे म्हटलं.

चार तास सतरा मिनिटं उत्त्या.
पेठ त्याला तसंच म्हणते.
लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मामांनी
मुहूर्त नसलेल्या रविवारी काढलेला,
आणि मिक्सिंगला सवयीनं घातलेले गुलाब
गोलपोस्टाच्या कोपऱ्यात उमलतात, मिटतात.
आता तो साखर कारखान्याच्या गेटवर असतो.
चैत्रात पन्नाशी. गुडघा त्याच्याआधी साठीला पोचला.
दहा मिनिटांचं करून देते म्हटलं होतं,
त्याच्या पोरांनी बाप नुसता शिट्टी फुंकताना बघितलाय.

अडवलेले चेंडू ठेवले. चिखल ठेवला.
पेनल्टीआधी तो दोन्ही खांबांना हात लावतो, ते ठेवलं.
अडलं एकाच जागी.

फायनल. संपायला चार मिनिटं.
त्या गोलाबद्दल पेठ अजून म्हणते, डोळ्यावर ऊन आलं.
तोही तेच सांगत आला, एकतीस वर्षं, विचारलं तर.
मी एकेक चित्र सरकवत गेले,
पैठणीच्या काठाचे धागे मोजावे तसं.
हलगी. शिट्ट्या. अख्खी गॅलरी उत्त्या उत्त्या करते.
आणि त्यातनं एक बारीक आवाज:
दादाऽ!
सगळ्या शाहू स्टेडियममध्ये
त्याला दादा म्हणणारी एकच पोरगी होती. चौदा वर्षांची,
नव्या फ्रॉकात, आपण आलोय हे त्याला कळावं म्हणून.

त्यानं मान वळवली.
एवढीशी. शिवणीत सोडतो तेवढी.

मग मागची जाळी हलली.

मी परत मागं नेलं, आभाळ बघायला.
ढग होते. या कडेपासून त्या कडेपर्यंत, अस्तरासारखे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लक्ष्मीपुरी.
गर्दीतनं एकच आवाज उसवता येतो का रे?
येतो, म्हणाला, पण त्याचे वेगळे पैसे.
काय काढायचंय? कुत्रं भुंकतंय मध्येच?
म्हटलं, तसंच काहीतरी.

पैसे होते. दिवाळीच्या शिलाईचे.
ट्रायलचे दिवस एकेक करून गेले,
अकरा, सात, दोन.
उसवलं तर भोकं राहतात, हे मला कोण सांगणार.
मग कॉम्प्युटरबरोबर आलेलं साधं उघडलं,
ज्याला कापणं येतं, जोडणं येतं,
बाकी काही येत नाही.
त्यावरच केलं. अकरा मिनिटं झाली.

चैत्रात पोरं खाली बसली, तो खुर्चीवर, पाय लांब करून.
ती जागा आली तसं
मी उगाच दोरा ओवायला घेतला.
तो पडद्याकडं बघतच म्हणाला,
त्या दिवशी ऊन लई होतं बघ.

होतं, म्हटलं.