उजव्या विंगेतून

एकतीस वर्षं मी कंपनीचा पडदा ओढला.
हे नाटक मला पाठ आहे, पण कडेनं.
नायकाचा एकच कान,
मुकुटाच्या मागची सुतळी,
इंदुताईंच्या अंबाड्यातले सात आकडे.

तिसऱ्या अंकात ती बांगड्या उतरवून चौरंगावर ठेवते,
एक शब्द बोलत नाही,
पाठ फिरवते.
म्हणजे माझ्याकडे वळते.
बाहेर माणसं नाकं ओढत असायची
आणि इंदुताई मला बोटांनी खूण करायच्या:
चहा सांग. साखर कमी.
खांदे तेवढे हलवत राहायच्या, मापात.
मी मनात म्हणायचो, काय भाबडी ही माणसं.

काल गंगापूर रोडला, कॉलेजच्या सभागृहात
नातवाच्या पासावर पहिल्यांदा समोर बसलो.
आठवी रांग. खुर्ची डुगडुगती.
थंडी अशी, की दरबाऱ्यांच्या अंगरख्यातून
स्वेटरचे गळे डोकावत होते.
तानपुरा मोबाइलमधला;
ऐन षड्जावर त्याला कुणाचा तरी फोन आला.
प्रधानाची मिशी दुसऱ्याच प्रवेशात लोंबली,
ती त्यानं उपटून कमरेला खोचली
आणि पुढचं वाक्य ठणठणीत टाकलं.
मागून शिट्ट्या. मीही हसलो.

नायिका पिंपळगावची, बोरस्त्यांची अनुजा.
'ण' तिच्या जिभेला नवा.
प्रत्येक 'प्राण' अगोदर ती किंचित थांबायची,
साडी सावरून डबकं ओलांडावं तशी.
पदात मात्र थांबली नाही.
पदात तो 'ण' असा लागला
की माझ्या शेजारचे प्राध्यापक
पेढ्याचा कागद चुरगाळायचे थांबले.

मग बांगड्या.
एक अडकली. ती नाटकात नव्हती, ती खरीच अडकली.
तिनं ओढली, हात लाल झाला,
चौरंगावर ठेवताना आवाज झाला बारीक.
आणि ती वळली.

समोरून पाहिलं तर तिथं काहीच नसतं हो.
एक पाठ असते.
पोलक्याला घाईत लावलेली सेफ्टीपिन,
आणि मानेवर सुटलेली एक बट.
एवढंच असतं. एवढ्यावर लोक रडायचे.
मला तर पलीकडचं सगळं ठाऊक.
पलीकडे ती जीभ काढत असेल,
विंगेतल्या पोराला म्हणत असेल, पाणी दे रे,
बांगडीनं मेलं सोलवटलं.
ठाऊक होतं.
तरी माझा चष्मा भिजला,
आणि रुमाल शोधायला खिशात घातलेला हात
खिशातच राहिला.

शेवटी पडदा अर्ध्यावर अडला.
पोरं धावली, हसली, खेचू लागली.
अरे, झटका नको, आधी सैल सोड, मग ओढ,
असं मी म्हणालो की नाही, आठवत नाही.
तळवे मात्र मिटले होते आपोआप.

नातू म्हणाला, चला आत, भेटू तिला.
नको म्हटलं.
तिकडून मी खूप पाहिलंय.

बाहेर टपरीवर गर्दी होती, घसा बसलेला.
टपरीवाल्याला लांबूनच बोटांनी खूण केली.
त्याला कळली.
साखर मात्र त्यानं नेहमीचीच घातली.