वास येतोय का अजून

कॅबिनेटचे सहा तुकडे पोत्यात बांधून
मी उद्यमनगरात उतरले तेव्हा
बालेचाँद मिस्त्री बुलेटच्या टाकीला लांबी भरत होते.
मान वर न करता म्हणाले,
"फ्रिजचं दार हाय का हे?"
"कॉम्प्युटर. लग्नाची शूटिंगं जोडायला."
"मग पेटी म्हण की."

पेटी.
दुसऱ्या हाताची, मळकट पांढरी,
एकोणीस साली शाहूपुरीतल्या कुणाच्या तरी दुकानात
आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली.
आतल्या पत्र्यावर पुराची रेघ होती,
पट्टीनं आखावी तशी सरळ.
रेघेखाली सगळा तांबेरा.

"ठेवून जातो," मी म्हटलं, इथल्या पोरी म्हणतात तसं.
"जातो कुठं? बस. कागद धर."

मग दोन दुपारी नुसती घासाघीस.
एकशेवीस नंबर, दोनशेवीस, मग चारशेचा पाणपेपर,
बादलीत चिमूटभर साबण.
माझ्या बोटांवरच्या रेघा इतक्या झिजल्या
की रात्री फोन मला ओळखेना.
मिस्त्री डोळे मिटून पालथ्या बोटांनी पत्रा चाचपायचे,
पोराचा ताप बघावा तसा.
"हितं अजून हाय."
आणि खरंच असायचं,
शिताच्या कण्यापेक्षा बारीक काहीतरी.

"टेबलाखाली जाणार ही," दिगू म्हणाला, "आतनं कशाला रंगवायची?"
मिस्त्रींनी आतलाच पत्रा आधी तारेला टांगला.

रंग मी काळा सांगायला आले होते,
मॅट, सगळ्यांचा असतो तो.
पण मागच्या फळीवर, ब्रेक ऑइलच्या बाटल्यांआड,
एक डबा होता. झाकणावर ओघळ:
ऑइल इंजिनचा हिरवा.
माझ्या मामाच्या नखांत बारा वर्षं राहिलेला.
"ह्यो कुणी मागत न्हाई आता," मिस्त्री म्हणाले,
"कारखानाच उठला."
झाकण उचकटलं. वर जाड साय.
ती काठीनं बाजूला सारून
साडीच्या फडक्यातून गाळून घेतला,
दोनदा.

बावीस भोकांत दिगूनं आगपेटीच्या काड्या खोचल्या.
पंख्याच्या खिडकीवर कालचा पेपर चिकटवला,
कुणा निवृत्त हेडमास्तरांचं निधन, फोटोसकट.
"बोर्ड बसतो तिथं रंग नको," मी घाईनं सांगितलं.
"अर्थिंगला?"
"तुम्हाला कसं..."
"इंजिनालाबी सोडावं लागतंय, पोरी. नखाएवढं का असंना."

पहिला हात मारला
आणि हिरव्यावर दुधी झाक चढली.
ऑगस्टची हवा, ओल्या फडक्यासारखी.
मला रडू यायचं बाकी होतं.
मिस्त्रींनी कॉम्प्रेसर बंद केला.
"हवेनं तोंड घातलं. ऊन पडू दे."
बुधवारी नाही पडलं. गुरुवारी तर दिवेच लावलेले.
शुक्रवारी पडलं, नेमकं नमाजाच्या वेळेला.
परत आले ते टोपी खिशात कोंबत
थेट गनकडे.
डावीकडून उजवीकडे, एक वीत अंतर, मनगट न वळवता,
आणि कडेला पोचल्यावरही हात थांबत नव्हता,
पुढे जायचा, हवेत,
जिथं रंगवायला काही नव्हतं.

पैसे किती घेतले ते सांगत नाही. दिगू अजून चिडलाय.

आठवड्यानं रात्री त्यांचा फोन.
माझ्यासमोर इचलकरंजीचं एक लग्न
बेचाळीस टक्क्यांवर अडकलेलं, जुन्याच मशीनवर.
"वास येतोय का अजून?"
चाळीस वर्षं थिनर. त्यांना स्वतःला काही कळत नाही,
चहात वेलदोडा आहे की नाही तेही;
गिऱ्हाइकांना विचारतात.
मी पेटीत मान घातली.
थिनर.
आणि थिनरच्या आत कुठंतरी,
शिफ्टवरून आलेला मामा.

"येतोय," म्हटलं.
"मग स्क्रू आवळू नको इतक्यात."