प्लॉट डी-सत्तेचाळीस, कुपवाड

एकाच कारखान्याच्या तीन कोनशिला.
नावं वेगळी, नारळाच्या पाण्याचा डाग तोच.

माझ्या तक्त्यात याला राजकीय जोखीम म्हणतात:
शून्य पूर्णांक सदतीस.
सरकार पडलं की आकडा चढतो
आणि सोलमध्ये कुणीतरी
न बोलता फाईल मिटतो.

वॉचमन बाबालाल नदाफ
मधल्या कोनशिलेवर डबा उघडतो.
"दुपारची हीच तेवढी सावलीत येतीया."
नऊ वर्षं राखतोय
न आलेलं मशीन.
पगार? "येतोय की, मागंपुढं."

मग वहीत डोकावून:
"मॅडम, ह्या आकड्यात
मी कुठं बसतो?"

मी पेन्सिल चावत राहिले.
त्यानं चतकोर भाकरी पुढं केली,
वर खर्डा.

चौथ्या शिलेपुरती जागा
त्यानं झाडून ठेवलीय.