पांढऱ्या मक्याचं पीठ

टेम्पोवाल्याने तीन मजले चढून
शेवटची पेटी दारात आदळली नि विचारलं,
"एवढी पुस्तकं? साहेब मास्तर आहेत का?"
ह्यांनी मान हलवली, हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.
तेरा वर्षं दुसऱ्यांच्या भाषेत शुभवर्तमान वाचून दाखवणाऱ्याला
काय म्हणतात, ते उंटवाडीत एका शब्दात सांगता येत नाही.

सगळे म्हणतात, परत आलात.
मी आले असेन. माझं माहेर इथून दोन सिग्नलवर होतं,
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
पण मुलगी कुठे परत आली?
ती जन्मली सरोवराकाठच्या दवाखान्यात,
कंदिलाच्या उजेडात, फालेसीच्या हातांवर.
फालेसीनेच नाव ठेवलं, चिसोमो.
शाळेच्या फॉर्मवर बाईंचं पेन थांबलं.
म्हटलं, कृपा लिहा. अर्थ तोच आहे.
अर्थ तोच आहे, पण हाक मारली की
ती आधी मागे वळून बघते,
कृपा नावाची कुणी उभी आहे का.

रविवार कारंजाजवळ तीन गिरण्या फिरले
पांढऱ्या मक्याच्या पिठासाठी.
तिसऱ्याने विचारलं, "किती म्हशी आहेत?"
दोन, म्हटलं. एक प्रार्थना करते, एक शाळेत जाते.
तो हसला नाही. दळून मात्र बारीक दिलं.
त्या रात्री न्सिमा घोटली, दंडाला कळ लागेपर्यंत.
सोबत पालेभाजी, शेंगदाण्याचं कूट घालून
(एवढं एक दोन्हीकडे सारखं).
ह्यांनी गोळा बोटांनी दाबला, खळगा केला, भाजी उचलली
आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा
मीठ मागितलं नाही.

उपासनेत ह्यांना प्रार्थनेला उभं केलं.
परदेशी सेवा करून आलेले आपले बंधू आशेर रणपिसे.
"हे प्रभू, आम्हाला..." म्हणाले, आणि अडले.
पुढचा शब्द मराठीत येईना.
तो तिकडचाच होता, मला ठाऊक होता,
पहिल्या बाकावरून सांगू शकले असते.
नाही सांगितला.
मंडळीला वाटलं, गहिवरले. पोरांनी पेटी सुरू केली.

नंतर चहाला भांबळ नावाचे एक म्हातारे,
बशीत फुंकर घालत म्हणाले,
पूर्वी शरणपुरात त्याच बाजूची मुलं होती.
गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली.
इथे सुतारकी शिकली, मराठी बोलली,
मग त्यांना परत पाठवलं, घरी म्हणून.
"पुढे काय झालं त्यांचं?"
"पुढचं त्यांच्या भाषेत असेल," म्हणाले,
आणि बशी संपवली.

फालेसीचा निरोप आला, भाचीच्या फोनवरून.
पाऊस वेळेवर. शेळी व्याली.
तुमच्या शाळेच्या खोलीत आता मका ठेवतो,
पत्रा चांगला आहे, गळत नाही.
ह्यांनी दोनदा वाचला.
मला वाटलं, रडतील.
"पत्रा मीच ठोकला होता," म्हणाले,
कुशीवर वळले, झोपले.

चिसोमो अजून बेल वाजवत नाही.
शेजारच्या कोठावदे काकूंच्या दाराबाहेर उभी राहून
हाक देते, "ओडी!"
तिकडे असंच असतं. आतून "ओडिनी" आलं
की मगच पाऊल आत.
आधी आधी काकू खिडकीतून डोकवायच्या,
कोण काय विकायला आलंय.
काल मी जिन्यात भाजीची पिशवी टेकवून ऐकत होते.
"ओडी!"
कुकरची एक शिट्टी. मग काकू,
"आले गं आले. ओडी काय, ओडी. दार उघडंच आहे, ये."
ती तशीच उभी.
तिच्या हिशोबाने उत्तर यायचं होतं अजून.
माझ्या ओठांवर होतं ते,
पण दार माझं नव्हतं.